वर ब्रेकर, खाली मीटिंग: शेजारच्या घराचं काम सुरू असताना घरून काम कसं करायचं

आमची इमारत कोथरूडमधली, तीस वर्षांपूर्वीची. चार मजले, सोळा फ्लॅट, एक लिफ्ट. मोझॅकची फरशी, कडप्प्याचा ओटा, लोखंडी पाइप. अशा इमारतींमध्ये सध्या सगळीकडे एकच चाललंय. मूळ मालकांपैकी कोणी मुलांकडे राहायला जातं, कोणी फ्लॅट विकतं, आणि नवा मालक किल्ली हातात पडली की आधी आतलं सगळं उखडायला काढतो. त्याचंही चूक नाही, तीस वर्षांचे पाइप कधीतरी गळणारच. पण गेल्या अडीच वर्षांत आमच्याकडे हे तीनदा झालं. आधी डोक्यावरचा फ्लॅट, मग भिंतीला भिंत लागून असलेला, आणि आता पायाखालचा. माझं काम आठवड्यातले चार दिवस घरून असतं, त्यामुळे तिन्ही वेळा मी घरातच होते.

पहिल्या वेळी मी रडकुंडीला आले होते. तिसऱ्या वेळी अजून एकही मीटिंग रद्द करावी लागलेली नाही. मधल्या काळात जे कळलं ते सगळं इथे लिहिते आहे.

पहिल्या कामाचा तिसरा दिवस मला नीट आठवतो. दुपारचे पावणेतीन. फ्रँकफर्टच्या क्लायंटला मी टेस्टिंगचा अहवाल समजावून सांगत होते. वर बाथरूमच्या फरशीला ब्रेकर, म्हणजे ठोके देत फरशी फोडायचं यंत्र, लागला. आधी पंख्याची दांडी थरथरली, मग टेबलावरच्या ग्लासातल्या पाण्यावर बारीक वलयं उठली आणि छताच्या रंगाचे दोन पापुद्रे कीबोर्डवर येऊन पडले. पलीकडून विचारलं गेलं, ‘तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना?’ मी माफी मागून मीटिंग सोडली आणि तरातरा वर गेले.

मालक तिथे नव्हतेच. दोन कामगार आणि एक मुकादम होता. ब्रेकर धरलेल्या मुलाच्या कानात काही नव्हतं, नाकावर गमछा गुंडाळलेला, भुवया धुळीने पांढऱ्या. माझ्या घरात छतातून जो आवाज झिरपत होता तो त्याच्या थेट हातात होता, आणि तोही दिवसभर. माझा अर्धा राग तिथेच ओसरला. मी मुकादमाला विचारलं, ‘दादा, हे अजून किती दिवस?’ तो म्हणाला, ‘बाथरूम आज-उद्यात संपतंय, ताई. परवा ओटा काढतो. मग झिऱ्या मारायच्या. त्याच्यापुढे आठवडाभर आवाजच नाही, वॉटरप्रूफिंगचं पाणी भरून ठेवायचंय.’

या चार वाक्यांनी माझा प्रश्न जेवढा सुटला तेवढा महागड्या हेडफोनने सुटला नव्हता. मला वाटत होतं, आता तीन महिने असंच चालणार. खरं तर तो मोठा आवाज आता थोड्याच दिवसांचा होता.

कामाचा क्रम समजून घ्या

घराचं काम कुठलंही असो, क्रम बहुतेक ठरलेला असतो आणि प्रत्येक टप्प्याचा आवाज वेगळा असतो. हा क्रम माहीत असला की निम्मी धास्ती जाते.

सुरुवात तोडफोडीने. जुन्या टाइल्स, ओटा, कधी एखादी विटांची भिंत. ब्रेकर आणि घण. दोन बेडरूमच्या फ्लॅटला साधारण आठवडा, फार तर दहा दिवस. आवाज सगळ्यात वाईट, पण सगळ्यात कमी दिवस. सोबत राडारोड्याच्या गोण्या जिन्यावरून ओढत नेल्याची घसघस असते.

मग झिऱ्या. वायरी आणि पाइप भिंतीच्या आत घ्यायचे म्हणून कटरने दोन रेषा मारतात आणि मधला भाग छिन्नीने काढतात. हा त्रास वरच्या-खालच्यापेक्षा सामायिक भिंतीपलीकडच्या माणसाला जास्त. शेजारचा फ्लॅट सुरू होता तेव्हा माझं टेबल नेमकं त्याच भिंतीला टेकलेलं होतं. टेबल उलट्या भिंतीला नेलं एवढ्यानेच बराच फरक पडला, कारण आधी ठोक्यांची थरथर लाकडातून थेट माझ्या कोपरापर्यंत येत होती.

त्यानंतरचं वॉटरप्रूफिंग शांत. बाथरूममध्ये पाणी भरून दोन-तीन दिवस ठेवतात. तुमचा फ्लॅट खाली असेल तर या दिवसांत बाथरूमच्या छताकडे रोज बघा. ओल दिसली तर ती सांगायची वेळ हीच. वर टाइल्स बसल्यानंतर तक्रार केली तर दुरुस्तीसाठी सगळं पुन्हा फुटणार आणि आवाजही पुन्हा ऐकावा लागणार.

मग फरशी. टाइल कापायच्या कटरची किंकाळी कानाला लागते, पण ती काही सेकंदांची असते आणि मधे मोठे खंड असतात. छताच्या पीओपीच्या वेळी गंमत अशी की त्रास खालच्याला नाही, वरच्याला होतो. खालच्या फ्लॅटचं छत म्हणजे माझ्या फरशीचीच दुसरी बाजू. तिथे फ्रेम टांगायला स्लॅबमध्ये ड्रिल मारलं की माझ्या पायाखाली गुरगुरतं. आता खालच्या फ्लॅटचं काम सुरू झाल्यावर मी हे आधीच गृहीत धरून चालले होते, त्यामुळे दचकले नाही.

सगळ्यात लांबलेलं आणि माझ्या मते सगळ्यात दमवणारं काम म्हणजे सुतारकाम. तीन आठवडे, पाच आठवडे, कधी त्याहून जास्त. आवाज ब्रेकरच्या मानाने काहीच नाही, पण कधी येईल याचा नेम नसतो. प्लाय कापायचं मशीन, मग शांतता, मग सहा खिळे, मग शांतता. ब्रेकर सुरू झाला की माणूस मनाची तयारी करून बसतो, पण खिळ्यांच्या वेळी मन सतत पुढच्या ठोक्याची वाट बघत राहतं. शेवटी पॉलिश आणि रंग. तिथे आवाज नाही, वास आहे.

म्हणून पहिला उपाय हाच: मालकाला किंवा मुकादमाला भेटून विचारा, सध्या कुठला टप्पा चालू आहे, तोडफोड किती तारखेला संपेल, सुतार कधी येणार. तारखा पुढेमागे होतातच, साहित्य उशिरा येतं, सुतार गावाला जातो. तरी अंदाज असणं आणि नसणं यात फार फरक आहे. मी मुकादमाचा नंबर घेतला आणि रोज सकाळी साडेनऊला एकच मेसेज टाकायला लागले, ‘आज ब्रेकर आहे का?’ तो उत्तर टाइप करत नसे, पाच सेकंदांचा व्हॉइस मेसेज यायचा, ‘नाही ताई, आज फक्त माल चढवायचाय.’ माझा दिवस त्यावर ठरायचा.

आवाज कुठल्या वाटेने येतो ते तपासा

इथे बहुतेकांची गफलत होते, माझीही झाली. जाड पडदे आणले, खिडकीला फटीच्या पट्ट्या लावल्या, आणि वरच्या ब्रेकरच्या आवाजात कणभर फरक नाही. कारण तो आवाज खिडकीतून येतच नव्हता.

दोन चाचण्या करा. आवाज चालू असताना खिडक्या आणि बाल्कनीचं दार एकदा पूर्ण बंद करून बघा. आवाज ठळकपणे उतरला तर तो हवेतून येतोय. मग टेबलावर किंवा भिंतीवर तळहात टेकवा. हाताला थरथर जाणवली तर तो स्लॅब, कॉलम आणि भिंतींमधून येतोय. काँक्रीटमध्ये असा आवाज सहजासहजी विरत नाही. म्हणूनच चौथ्या मजल्यावरचा ब्रेकर दुसऱ्या मजल्यावरही ‘आपल्याच डोक्यावर’ वाटतो.

हवेतून येणाऱ्या आवाजाला घरगुती उपाय लागू पडतात: खिडकी बंद, सरकत्या खिडकीच्या फटींना ब्रशची पट्टी, दाराच्या खालच्या फटीला रबरी पट्टी नाहीतर गुंडाळलेला टॉवेल. जिथून हवा जाते तिथून आवाज जातो, एवढं धरून चाला. पडदे, गालिचा, भिंतीला चिकटवायचे फोमचे तुकडे, अंड्यांचे ट्रे यांनी बाहेरचा आवाज अडत नाही. त्यांनी खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, म्हणजे तुमचा आवाज मायक्रोफोनवर स्वच्छ जातो, इतकंच. त्यासाठी पैसे घालवण्यापेक्षा मागे एक गोधडी टांगा.

स्लॅबमधून येणाऱ्या आवाजावर घरात बसून करण्यासारखं फार कमी आहे. अंतर वाढवणं, एवढंच. काम बाथरूममध्ये चालू असेल तर बाथरूमपासून तिरपी, सगळ्यात लांबची खोली गाठा, मधली सगळी दारं बंद करा. मी फोनवरच्या अॅपने मोजलं होतं. ब्रेकर चालू असताना बेडरूममध्ये ७८ डेसिबलच्या आसपास, आणि दुसऱ्या टोकाच्या छोट्या खोलीत दारं लावून ६६. फोनचं मोजमाप काटेकोर नसतं, पण एकाच फोनने दोन खोल्यांची तुलना करायला पुरतं. दहा डेसिबलने आवाज उतरला की कानाला तो साधारण निम्मा वाटतो. त्या खोलीत आमचे पापड-कुरडयांचे डबे आणि इस्त्रीचं टेबल होतं. डबे पलंगाखाली गेले आणि इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप आला. तीन आठवडे मी तिथूनच काम केलं.

तुमचा कान आणि समोरच्याचा कान हे दोन वेगळे प्रश्न

ऑफिसातल्या निम्म्या लोकांचा हा गोंधळ असतो. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेतले की क्लायंटलाही ड्रिल ऐकू येणार नाही, असं वाटतं. तसं नाही. हेडफोनमधली ती सोय तुमच्या कानापुरती असते. समोरच्याला काय ऐकू जातं ते मायक्रोफोन आणि मीटिंगचं सॉफ्टवेअर ठरवतं.

आधी मायक्रोफोन, कारण नोकरी त्यावर आहे. लॅपटॉपचा मायक्रोफोन तोंडापासून अर्धा मीटर लांब असतो. तोंडापुढे दांडी असलेल्या हेडसेटचा पाच सेंटीमीटरवर. अंतर दहापट कमी झालं की तुमचा आवाज सुमारे वीस डेसिबलने जोरात पोचतो, आणि ड्रिलचा आवाज मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे साधा, दांडीवाला, वायरचा हेडसेट महागड्या ब्लूटूथ बड्सपेक्षा इथे जास्त उपयोगी पडतो, असा माझा स्पष्ट अनुभव आहे. दांडी ओठांच्या कोपऱ्याशी ठेवा, थेट समोर नको, नाहीतर ‘प’ आणि ‘फ’ला फुसफुस होते.

मग सॉफ्टवेअर. झूममध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये बॅकग्राउंड नॉइज सप्रेशन ‘हाय’वर ठेवा आणि ‘ओरिजिनल साउंड’ बंद आहे ना ते बघा. ते चालू असेल तर आवाज गाळणंच थांबतं. ऑनलाइन गाणं किंवा तबला शिकवणाऱ्यांकडे ते हमखास चालू असतं. टीम्समध्येही नॉइज सप्रेशनची सोय आहे. गूगल मीटमध्ये ती सगळ्याच खात्यांना मिळत नाही, तुमच्या ऑफिसच्या खात्याला आहे का ते तपासा. हेडसेटचं वेगळं अॅप आणि मीटिंगचं सॉफ्टवेअर दोन्हीकडे गाळणं चालू ठेवलं तर कधीकधी तुमचेच शब्द तुटतात, तेव्हा दोनपैकी एकच ठेवा.

आणि खात्री करा. ब्रेकर चालू असतानाच टीम्सचा टेस्ट कॉल लावून स्वतःचं रेकॉर्डिंग ऐका. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चकित झाले. मला कान फाटेस्तोवर ऐकू येणारा ब्रेकर रेकॉर्डिंगमध्ये लांबवरच्या घोंघावण्याइतकाच होता. म्हणजे आधीच्या दोन आठवड्यांत मी ज्या शंभर माफ्या मागितल्या त्यातल्या बऱ्याच विनाकारण होत्या. सततचा आवाज सॉफ्टवेअर चांगला गाळतं, पण तुटक ठोके, म्हणजे छिन्नी आणि खिळे, निसटतात. त्यांच्यासाठी म्यूटवर राहून बोलण्यापुरतं बटण दाबून धरायची सवय लावा. झूममध्ये म्यूट असताना स्पेसबार दाबून धरला की तेवढ्यापुरता माइक चालू होतो, टीम्समध्ये (विंडोजवर) कंट्रोल आणि स्पेसबार.

आता तुमचे कान. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पंख्याची, एसीची, विमानाची संथ घरघर छान काढतात. ठोक्यांपुढे त्यांचं फारसं चालत नाही. माझ्यासाठी खरं काम केलं ते केमिस्टकडे मिळणाऱ्या फोमच्या इअरप्लगनी, पण ते नीट घातल्यावरच. बहुतेक लोक प्लग नुसता कानाच्या तोंडाशी टेकवतात आणि म्हणतात, काही उपयोग नाही. हात स्वच्छ धुवा. प्लग बोटांत गोल फिरवत अगदी बारीक, उदबत्तीच्या काडीहून थोडा जाड होईल इतका दाबा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, म्हणजे आतली वाट सरळ होते. प्लग आत सरकवा आणि अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. तो आत फुगतो तसं बाहेरचं जग मागे सरकल्यासारखं वाटतं. कान दुखत असेल, वाहत असेल तर प्लग घालू नका.

ज्या दिवशी फार झालं त्या दिवशी मी प्लग घालून त्यावर हेडफोन चढवला. त्यात संगीत नको, पावसाचा नाहीतर पंख्याचा आवाज हळू लावा. सगळ्यात वाईट सवय म्हणजे ब्रेकरवर मात करायला गाण्याचा आवाज वाढवत नेणं. कानांच्या सुरक्षिततेसाठी अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास अशी आहे, आणि दर तीन डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. शेजारच्या कामापेक्षा आपल्याच हेडफोनने ही मर्यादा ओलांडली जाणं जास्त शक्य आहे. त्या ब्रेकरवाल्या मुलासाठीही मी प्लगचं एक पाकीट वर नेऊन दिलं आणि कसे घालायचे ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या कानात ते दिसले.

कामगारांच्या जेवणाची वेळ ही तुमची वेळ

आमच्याकडे काम दहाला सुरू होतं. एक वाजला की सगळं थांबतं, डबे उघडतात, थोडं आडवं होतात आणि दोनला पुन्हा सुरू (सोसायटीच्या नव्या नियमाने आता बहुतेक दिवस तीनला, त्याबद्दल पुढे). संध्याकाळी सहाला बंद. म्हणजे शांत वेळ मिळतो तो सकाळी दहापर्यंत, दुपारी किमान एक ते दोन आणि सहानंतर.

जर्मनीत उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात. आपला दुपारचा एक म्हणजे त्यांचे सकाळचे साडेनऊ. मी क्लायंटला सरळ सांगितलं की वरच्या घराचं काम चालू आहे, तीन आठवडे आपली रोजची मीटिंग आमच्या सव्वा वाजता घेऊ का. त्यांना ती वेळ आधीच्यापेक्षा सोयीची निघाली आणि ती आजतागायत तीच आहे. माझं जेवण साडेबाराला सरकलं. एकाग्रतेचं काम, म्हणजे टेस्ट केस लिहिणं, मी सात ते दहात उरकते. दहानंतर मेल, फॉर्म, आकडेवारी, जे तुटक चालतं ते.

मॅनेजरला आधी सांगा, तारखांसकट सांगा. ‘आमच्याकडे फार आवाज आहे’ याला उत्तर नसतं. ‘सोमवार ते शुक्रवार तोडफोड आहे, हे पाच दिवस मी ऑफिसला येते, पुढच्या आठवड्यात घरून’ याला उत्तर असतं. तोडफोडीच्या दिवसांत बाहेर पडणं हाच सरळ मार्ग आहे. अभ्यासिका वाचायला ठीक, पण तिथे बोलता येत नाही. कॅफेत क्लायंटची माहिती पडद्यावर उघडणं मला पटत नाही. मी दोन दिवस मावशीच्या घरी बसले, बाकीचे ऑफिसात.

घरात ज्यांना कुठे जाता येत नाही त्यांचा विचारही करावा लागतो. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, दुपारची झोप मोडली की त्यांचा दिवस बिघडतो. दहावी-बारावीची मुलं, तान्हं बाळ, रात्रपाळी करून आलेला माणूस, प्रत्येक इमारतीत कोणीतरी असतंच. मालकाकडे जाताना मी माझ्या मीटिंगपेक्षा सासूबाईंच्या झोपेबद्दल बोलले, कारण ते जास्त खरं होतं.

मालकाशी बोलताना नेमकं काय मागायचं

‘आवाज कमी करा’ ही मागणी कोणी पुरी करू शकत नाही. नेमकं मागा.

कटर कुठे ठेवलाय ते बघा. बरेचदा घरात धूळ नको म्हणून तो जिन्याच्या चौकात किंवा डक्टकडच्या (पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या मोकळ्या जागेकडच्या) बाल्कनीत मांडतात आणि डक्ट कर्ण्यासारखा आवाज सगळ्या मजल्यांवर पोचवतो. तो आतल्या खोलीत खिडक्या लावून, नाहीतर गच्चीवर किंवा पार्किंगच्या टोकाला नेता येतो. टाइल पाणी सोडत कापली तर धूळ फार कमी उडते. शेजारच्या फ्लॅटच्या वेळी मी एवढं एकच मागितलं आणि ते लगेच झालं.

पाइपसाठी स्लॅबला किंवा भिंतीला भोक पाडायचं असेल तर ठोकण्याऐवजी कोअर कटिंग, म्हणजे यंत्राने गोल भोक कापून, घेता का, विचारा. त्यात हादरे फार कमी बसतात. प्लाय एकाच दिवशी मापाने कापून घेता येतं, मग उरतं जोडकाम. जुनी फरशी भक्कम असेल तर ती न उखडता वर चिकटद्रव्याने नवीन टाइल्स बसवता येतात. उंची थोडी वाढते, दारं खालून घासावी लागतात, पण फोडाफोड वाचते आणि मालकाचे पैसेही. खालच्या नव्या मालकांना मी हे सुचवलं. हॉल आणि दोन्ही बेडरूममध्ये त्यांनी तसंच केलं.

एक मागणी मात्र करू नका: ‘ब्रेकर नको, हाताने फोडा.’ मी ती पहिल्यांदा केली होती. दीड दिवसाचं काम छिन्नी-हातोड्याने सहा दिवस चाललं असतं. मुकादमाने समजावलं आणि त्याचं बरोबर होतं.

सोसायटीत नियम करून घ्या

दुसऱ्या कामानंतर आम्ही चार-पाच जणांनी सेक्रेटरींना लेखी विनंती दिली आणि सर्वसाधारण सभेत विषय घेतला. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार) फ्लॅटमध्ये फेरबदल करण्याआधी समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि इतर सभासदांना उपद्रव होईल असं वागायचं नाही हेही त्यात आहे. म्हणजे आधार होताच, तपशील नव्हता. आमच्या सभेत हे ठरलं: अर्जासोबत कामाचा आराखडा, अंदाजे तारखा आणि ठेकेदाराचा फोन नंबर. तोडफोडीच्या तारखा तीन दिवस आधी बोर्डावर आणि ग्रुपवर. आवाजाचं काम सकाळी दहा ते एक आणि दुपारी तीन ते सहा, रविवारी बंद. मधल्या दोन तासांत माल चढवणं, मोजमाप, रंग असली कामं चालतात. राडारोडा जिन्यात ठेवायचा नाही.

सभेत विरोध झाला तो ‘काम लांबेल, मजुरी वाढेल’ असा. तो खोटा नाही. म्हणून तोडफोडीच्या पहिल्या पाच दिवसांपुरती मधली सुट्टी दोन तासांऐवजी एकच तास ठेवली. लवकर उरकू दे, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. भाडेकरू असाल तर अशी विनंती घरमालकामार्फत द्या, सभेत मत त्यांचं असतं.

कायद्याचं थोडक्यात. ध्वनी प्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा, रात्र म्हणजे दहा ते सहा. निवासी भागात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायला बंदी आहे. तेव्हा रात्री दहानंतर कोणी ड्रिल चालवत असेल तर आधी सेक्रेटरींना सांगा आणि ऐकलं नाही तर पोलिसांना ११२ वर फोन. दिवसाच्या कामासाठी पोलिसांकडे जाण्याचा मला तरी उपयोग वाटत नाही. मर्यादा ठरावीक वेळेच्या सरासरीवर मोजतात, आणि पोलीस येऊन गेल्यावर त्या माणसाशी पुढची वीस वर्षं जिन्यात भेट होणार असते.

अपवाद एकच, आणि तो आवाजाचा नाही. कॉलम, बीम किंवा स्लॅब फोडला जातोय असं वाटलं, भिंतीत मोठी भोकं पडून सळ्या उघड्या दिसल्या, तर त्याच क्षणी फोटो काढून समितीला लेखी कळवा, काम थांबवायला लावा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय सुरू होऊ देऊ नका. इथे भिडस्तपणा नको. आणि वर किंवा शेजारी काम सुरू होण्याआधीच आपल्या घराच्या छताचे, सामायिक भिंतींचे, बाथरूमच्या कोपऱ्यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. नंतर तडा किंवा ओल दिसली तर ती आधीची की नंतरची यावर वाद होत नाही. आमच्या छताला वरच्या कामात एक बारीक तडा गेला. फोटो होते, त्यामुळे त्यांनी एका शब्दावर भरून दिला.

सध्या खालच्या मजल्यावर सुतार आलेत. बोर्डावर सेक्रेटरींच्या अक्षरात लिहिलंय: उद्या प्लाय कटिंग, सकाळी ११ ते १, पार्किंगमध्ये. माझी मीटिंग सव्वा वाजता आहे.